रस्त्याचे पुनरुज्जीवन आणि रस्त्यावरची माणसे : जेन जेकब्स यांच्या ग्रंथाचे चिकित्सक पुनर्वाचन

१. प्रास्ताविक

शहरातील जुन्या बाजाररस्त्यांचे ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द अलीकडे महानगरपालिकांच्या अंदाजपत्रकांत, वास्तुविशारदांच्या सादरीकरणांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांच्या शीर्षकांत वारंवार आढळतो. पदपथ रुंद करणे, एकसारख्या पाट्या लावणे, दिव्यांचे नवे खांब आणि बसण्यासाठी बाके बसविणे एवढ्या गोष्टी झाल्या की रस्ता पुन्हा जिवंत झाला, असे समजण्यात येते. या विचाराला वैचारिक आधार हवा असला की बहुधा एकाच ग्रंथाचा हवाला दिला जातो. तो ग्रंथ म्हणजे जेन जेकब्स यांचा, १९६१ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेला ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’. नगररचना, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि भूगोल या चारही विषयांच्या अध्यापनात तो आज आधारग्रंथ मानला जातो.

मात्र ज्या ग्रंथाचा हवाला सर्वजण देतात, तो ग्रंथ मुळातून वाचला जातोच असे नाही. ‘रस्त्यावरचे डोळे’ आणि ‘मिश्र वापर’ ही दोन सूत्रे उचलली जातात आणि ज्या युक्तिवादातून ती सिद्ध झाली तो युक्तिवाद मागे राहतो. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील व्यापारी रस्त्यांविषयीच्या विचाराचे पुनर्वाचन करून, मुंबई आणि पुणे येथील बाजारपेठांच्या अनुभवावर तो विचार पारखून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथाचा गौरव करणे किंवा तो कालबाह्य ठरविणे हा येथे हेतू नाही. जेकब्स यांचे निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नसले, तरी त्यांचा युक्तिवाद गांभीर्याने घेतला तर तो आपल्याकडील बहुतेक सुशोभीकरण योजनांच्या विरोधात जातो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. ग्रंथाची पार्श्वभूमी व मांडणी

जेन जेकब्स (१९१६–२००६) यांच्याकडे नगररचनेची पदवी नव्हती. किंबहुना कोणतीही विद्यापीठीय पदवी नव्हती. ‘आर्किटेक्चरल फोरम’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळात काम करताना त्यांनी अमेरिकन शहरांतील पुनर्विकास प्रकल्प जवळून पाहिले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने ‘गलिच्छ’ ठरविलेल्या वस्त्या संपादित करून पाडण्यासाठी केंद्रीय निधी उपलब्ध करून दिला होता. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट मोझेस यांच्या नेतृत्वाखाली या कायद्याची अंमलबजावणी मोठ्या प्रमाणावर झाली. गजबजलेल्या गल्ल्या जाऊन त्यांच्या जागी हिरवळीतले उंच मनोरे आले, आणि त्या गल्ल्यांतील छोटी दुकाने मात्र परत आली नाहीत.

ग्रंथाचे चार भाग व बावीस प्रकरणे आहेत. पहिल्या भागात पदपथाचा उपयोग, दुसऱ्यात विविधता निर्माण होण्याच्या अटी, तिसऱ्यात ऱ्हासाची व पुनरुत्थानाची कारणे आणि चौथ्यात पर्यायी उपाय असा क्रम आहे. दुसऱ्या भागातील चार अटी सुपरिचित आहेत : रस्त्यावर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी लोक यावेत, चौकाचौकांतील अंतर कमी असावे, इमारती वेगवेगळ्या वयाच्या असाव्यात व त्यांत जुन्यांचे प्रमाण चांगले असावे, आणि वस्ती पुरेशी दाट असावी. या चारही अटी एकत्र असाव्या लागतात, असा लेखिकेचा आग्रह आहे. यांपैकी एखादीच निवडून तिला ‘जेकब्सप्रणीत’ म्हणणे हे मूळ ग्रंथाशी विसंगत आहे.

ग्रंथाची खरी शक्ती त्याच्या पद्धतीत आहे. लेखिका मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागात हडसन स्ट्रीटवर राहत होत्या. दुकानदार सकाळी काय करतो, शेजारी घराच्या किल्ल्या कोणाकडे ठेवतात, रात्री उशिरा रस्त्यावर कोण असते, अशा निरीक्षणांतून त्या सिद्धान्ताकडे जातात. शहर हा दोन चलांचा साधा प्रश्न नाही, तसाच केवळ सरासरीने सुटणाराही नाही. अनेक परस्परावलंबी घटकांची ती सुसंघटित गुंतागुंत आहे, असे शेवटच्या प्रकरणात त्या सांगतात. प्रश्नावल्यांची टक्केवारी काढून समाधान मानणाऱ्या आपल्या संशोधनपद्धतीला हा विचार आजही अस्वस्थ करणारा आहे.

३. रस्ता ‘मृत’ आहे हे कोण ठरवितो?

पुनरुज्जीवन म्हटले की मृत्यू गृहीत धरावा लागतो. जेकब्स यांच्या ग्रंथाची सुरुवातच या गृहीतकाच्या तपासणीने होते. बॉस्टनमधील नॉर्थ एंड ही वस्ती अधिकृत दृष्टीने गलिच्छ वस्ती होती. प्रत्यक्षात रहिवाशांनी स्वतःच्या श्रमाने व बचतीने तेथील घरे सुधारली होती आणि रस्ते गजबजलेले होते. एका नगररचनाकाराशी झालेल्या संभाषणात तो त्या वस्तीत फिरायला आवडते असे मान्य करतो आणि तरीही ती पाडावी लागेल असे म्हणतो. डोळ्यांना जे दिसते त्यापेक्षा पाठ्यपुस्तकातील व्याख्या त्याला अधिक खरी वाटते. पुढे १९६१ मध्ये खुद्द लेखिकेचाच वेस्ट व्हिलेज भाग नूतनीकरणासाठी प्रस्तावित झाला. रहिवाशांच्या चळवळीनंतर १९६२ मध्ये तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बाजाररस्ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खरोखरच ओस पडले. मोटार, उपनगरे व मोठी खरेदी संकुले यांनी ग्राहक पळविला. तो परत आणण्यासाठी टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागातील व्यापाऱ्यांनी १९७० मध्ये स्वतःवरच जादा कर बसवून घेणारा व्यवसाय-सुधारणा विभाग स्थापन केला. अमेरिकेत ऐतिहासिक वारसा जतन करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने १९७७ मध्ये तीन छोट्या शहरांत प्रयोग करून १९८० मध्ये ‘मेन स्ट्रीट’ कार्यक्रम सुरू केला. संघटन, प्रसिद्धी, रचना व आर्थिक पुनर्बांधणी ही त्याची चतुःसूत्री होती. हे सर्व उपाय गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यासाठी योजलेले होते.

आपल्या जुन्या बाजारपेठांचे दुखणे याच्या उलट आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईच्या भेंडी बाजारात माणसांची वाण कधीच नव्हती. तेथे गर्दी आहे, पण चालायला जागा नाही. व्यवहार आहे, पण इमारत मोडकळीस आलेली आहे. दुकान आहे, पण मालकी हक्काचा वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे. ओस पडलेल्या रस्त्याचे औषध दाटलेल्या रस्त्याला दिले की नको असलेली गर्दी कमी करणे हाच उपचार होऊन बसतो, आणि ‘नको असलेली’ म्हणून प्रथम ज्याच्याकडे बोट जाते तो पथारीवाला असतो.

४. जुन्या इमारतींचा सिद्धान्त आणि मुंबईचा भाडे कायदा

जेकब्स यांच्या चार अटींपैकी तिसरी अट आर्थिक दृष्टीने सर्वांत मौलिक आहे. जुन्या इमारती म्हणजे वारसास्थळे नव्हेत. साध्या, बांधकामखर्च कधीच वसूल झालेल्या, कमी भाड्याच्या इमारती त्यांना अभिप्रेत आहेत. नव्या इमारतीचे भाडे बँका, साखळी दुकाने आणि मोठी उपाहारगृहे यांनाच परवडते. ज्याचा नफा अनिश्चित आहे अशा नव्या व्यवसायाला जुन्या इमारतीतच आसरा मिळतो. म्हणून संपूर्ण रस्ता एकाच वेळी नवा केला तर त्यावर नव्या माणसाला प्रवेश उरत नाही.

या सिद्धान्तात एक गृहीतक दडलेले आहे. इमारतीचे वय वाढले की भाडे उतरते, आणि ते उतरलेले भाडे नव्याने येणाऱ्यालाही मिळते, असे ते गृहीतक. मुंबईत हे घडले नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे आधीपासून असलेल्या दुकानदाराला संरक्षण मिळाले, आणि हे संरक्षण क्षुल्लक नव्हते. शहराच्या मध्यभागी लहान व्यापारी, कारागीर व दुरुस्तीची कामे करणारे टिकून राहिले ते याच कायद्यामुळे. परंतु त्याच कायद्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस राहिला नाही. आणि नव्याने गाळा घेऊ पाहणाऱ्याला नाममात्र भाड्यासोबत मोठी पागडी मोजावी लागली. दीर्घकाळ कायद्याच्या कक्षेबाहेर चाललेला हा पागडीचा व्यवहार महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मान्य केला. हा अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने वार्षिक चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली.

याचा अर्थ असा की मुंबईत इमारतीचे जुनेपण आणि प्रवेशाची स्वस्ताई यांची फारकत झाली. जुनी इमारत आतल्यासाठी स्वस्त राहिली आणि बाहेरच्यासाठी महाग. जेकब्स यांचा सिद्धान्त येथे चुकीचा ठरतो असे म्हणण्यापेक्षा, त्यात मालमत्तेच्या हक्कांचा विचार अपुरा आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्स यांनी १९६२ मध्येच असा आक्षेप घेतला होता की, लेखिका भौतिक रचनेला अवाजवी महत्त्व देतात आणि वस्तीचे चैतन्य घडविणाऱ्या सामाजिक व सांस्कृतिक कारणांकडे त्यांचे दुर्लक्ष होते. लुईस ममफर्ड यांनीही त्याच वर्षी ‘न्यू यॉर्कर’मधील परीक्षणात या ग्रंथातील उपायांना घरगुती औषधांची उपमा देऊन त्यांची टर उडविली. ममफर्ड यांच्या टीकेत व्यावसायिक अहंकाराचा वास येतो. गान्स यांचा आक्षेप मात्र आपल्या संदर्भात अधिक वजनदार ठरतो.

५. पदपथ : आपल्याकडील ‘जुनी इमारत’

मग जेकब्स यांच्या रचनेत जुनी इमारत जे कार्य करते, ते आपल्या शहरात कोण करते? कमी भांडवलावर धंदा सुरू करण्याची, तो फसला तर फारसे नुकसान न होता बाहेर पडण्याची आणि जमला तर पुढे गाळा घेण्याची संधी आपल्याकडे पदपथाने दिली आहे. हातगाडी, टोपली, पथारी, दुकानाच्या पायरीवर मांडलेले शिलाई यंत्र ही आपल्या बाजाररस्त्यांची ‘कमी भाड्याची जागा’ होय. हे मान्य केले तर एक अटळ निष्कर्ष निघतो : पथारीवाल्यांना हटवून केलेले सुशोभीकरण जेकब्स यांच्या नावाने होत असले तरी ते त्यांच्याच तिसऱ्या अटीवर घाव घालते.

यावर घेतला जाणारा आक्षेप टाळता येणार नाही. पदपथ हा चालणाऱ्याचा आहे. वृद्ध, अंध व्यक्ती, लहान मूल कडेवर घेतलेली स्त्री यांना वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागत असेल, तर पथारीवाल्याच्या उपजीविकेचे कारण त्यांना पुरेसे वाटणार नाही, आणि वाटूही नये. शिवाय पदपथावरील जागाही नेहमी मुक्त नसते. मोक्याच्या जागेवर कोणाचा तरी अघोषित ताबा असतो आणि प्रत्यक्ष बसणारा त्याला भाडे देतो, म्हणजे पागडीचीच ही छोटी आवृत्ती. पथारीवाल्याचे उदात्तीकरण करून हा प्रश्न सुटत नाही.

या पेचाचे विचारपूर्वक उत्तर देण्याचा प्रयत्न पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ या केंद्रीय कायद्यात दिसतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, त्यांत एक-तृतीयांश महिला असाव्यात, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत विक्रेत्यांना सामावून घ्यावे, अशा त्याच्या तरतुदी आहेत. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजार मानण्याची तरतूदही अनुसूचीत आहे. ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना जेकब्स यांच्या विचाराच्या फार जवळची आहे : ग्राहक व विक्रेता जेथे आपोआप एकत्र येतात ती जागा योजनेने निर्माण केलेली नसते, आणि म्हणून योजनेने ती सहज हलविताही येत नाही. तेव्हा रस्त्याच्या पुनर्रचनेचा आराखडा आणि पथविक्रेता समितीचा आराखडा हे दोन स्वतंत्र कागद असतील, तर पहिला कागद कितीही देखणा असला तरी तो अपुराच मानला पाहिजे.

६. डोळे कोणाचे?

रस्त्यावर सतत वावरणाऱ्या परिचित माणसांच्या नजरेने रस्ता सुरक्षित राहतो, हा जेकब्स यांचा सर्वाधिक लोकप्रिय सिद्धान्त. आपल्या बाजारपेठांतही त्याचा प्रत्यय येतो. फुलवाली, पानवाला, रात्री उशिरापर्यंत चालणारी दूध-आइस्क्रीमची गाडी यांच्यामुळे कित्येक स्त्रियांना रस्ता ओळखीचा वाटतो. परंतु नजर ही तटस्थ नसते. आपल्या समाजात ती कोण कोणाबरोबर चालते आहे, कोणत्या वस्तीतला मुलगा येथे का उभा आहे, याचीही नोंद घेते. संरक्षण आणि पाळत यांतील सीमारेषा पुसट असते. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या मुंबईविषयक ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, सार्वजनिक जागेत वावरताना स्त्रीला सतत काही तरी काम असल्याचे दाखवावे लागते; निरुद्देश रेंगाळण्याचा हक्क तिला सहज मिळत नाही.

बाजाररस्ता हे त्या ‘कामा’चे सर्वांत सोयीस्कर निमित्त आहे. तुळशीबागेत खरेदीला जाणे हे पुण्यातील स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांसाठी घराबाहेर पडण्याचे मान्यताप्राप्त कारण राहिले आहे. तेथील बांगड्या, भांडी व शोभेच्या वस्तूंच्या छोट्या दुकानांचे मोल म्हणूनच केवळ उलाढालीत मोजता येत नाही. जात, धर्म व लिंग यांचा हा पदर जेकब्स यांच्या ग्रंथात क्षीण आहे. अमेरिकन शहरांतील वर्णभेदाचा उल्लेख त्या करतात, पण त्यांच्या सिद्धान्ताच्या केंद्रस्थानी तो येत नाही.

७. पैशाचा वेग

ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील एक प्रकरण तुलनेने कमी वाचले जाते. त्यात पैशाचे दोन प्रकार सांगितले आहेत : हळूहळू झिरपणारा आणि प्रलयासारखा कोसळणारा. वस्ती सुधारते ती पहिल्या पैशाने. दुसरा पैसा आधी वस्तीला उपाशी ठेवतो आणि नंतर तिला बुडवितो.

मुंबईत या भेदाची कसोटी भेंडी बाजारात लागते. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेल्या या समूह पुनर्विकासाचे क्षेत्र सुमारे साडेसोळा एकर असून त्यात सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने येतात. जेकब्स यांच्या दृष्टीने हा प्रलयकारी पैसाच होय. पण ३१ ऑगस्ट २०१७ रोजी याच परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा मृत्यू झाला. जुन्या इमारतीचे गुणगान करणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताला या घटनेसमोर थांबावे लागते. ज्या छपराखाली माणूस मरतो ते छप्पर स्वस्त आहे, हा युक्तिवाद कोणी करू शकत नाही. हळूहळू झिरपणारा पैसा अनेक दशके आलाच नाही, म्हणून अखेरीस प्रलयाला पर्याय उरला नाही, असे येथे म्हणावे लागते. भाडे कायद्याने निर्माण केलेली उपासमार आणि समूह पुनर्विकासाचा पूर ही एकाच साखळीची दोन टोके आहेत. जेकब्स यांनी ही साखळी अचूक ओळखली होती. मात्र दुरुस्तीचा पैसा कोणी द्यायचा, या प्रश्नाचे आपल्याला उपयोगी पडेल असे उत्तर त्यांच्याकडे नाही.

पदपथाच्या बाबतीत असे उत्तर काही अंशी सापडते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना सुरुवातीस दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल आणि फेडीनंतर वाढीव कर्ज देण्याची सोय झाली. रक्कम लहान आहे. तथापि हा झिरपणारा पैसा आहे, आणि रस्त्याच्या अर्थकारणात त्याचे स्थान दगडी फरसबंदीपेक्षा कमी नाही.

८. पुण्याचा दाखला

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने लक्ष्मी रस्त्याच्या काही भागावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला. मोटारींशिवाय हा रस्ता कसा दिसतो, हे नागरिकांना विसर्जन मिरवणुकीव्यतिरिक्त क्वचितच पाहायला मिळाले होते. या उपक्रमाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु एका दिवसाचा उत्सव आणि रोजचा बाजार यांत अंतर असते. उत्सवात रस्ता पाहायला लोक येतात. बाजारात ते कामाला येतात. माल उतरविणारा टेम्पो केव्हा येणार, हमालाने ओझे कोठे टेकवायचे, पथारीवाल्याने कोठे बसायचे, या प्रश्नांची उत्तरे उत्सवात द्यावी लागत नाहीत.

पुण्यात हा वाद नवा नाही. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार हलविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात नगरपालिकेने भव्य मंडई बांधली. १८८६ मध्ये ती सुरू झाली व तत्कालीन गव्हर्नर रे यांचे नाव तिला देण्यात आले. महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना या खर्चास विरोध केला होता; हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. आज तीच इमारत महात्मा फुले मंडई या नावाने ओळखली जाते. या विसंगतीतून दोन धडे घेता येतात. एक, बाजारावरील सार्वजनिक खर्च नेहमीच दुसऱ्या कशाच्या तरी बदल्यात होत असतो, आणि ‘कशाच्या बदल्यात’ हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. दोन, वरून लादलेली वास्तूसुद्धा काळाच्या ओघात लोकांची होऊ शकते, जर तिच्यात भाजीवालीला बसायला जागा उरली तर. मंडईलगत सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आहे. वाढलेल्या वर्दळीबरोबर जागेची किंमतही वाढते. यशस्वी रस्ता स्वतःच्या यशानेच आपली विविधता गमावतो, असा इशारा जेकब्स यांनी दिला होता. त्यांचा स्वतःचा वेस्ट व्हिलेज आज न्यूयॉर्कमधील अत्यंत महागड्या भागांपैकी एक आहे, हा त्या इशाऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा होय.

९. समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, जेकब्स यांचा ग्रंथ उपायांची यादी म्हणून वाचला तर तो आपल्याला फसवितो आणि प्रश्नांची यादी म्हणून वाचला तर मार्ग दाखवितो. कोणत्याही बाजाररस्त्याच्या पुनरुज्जीवन योजनेला निदान तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. या रस्त्यावर उद्या नव्याने धंदा सुरू करणाऱ्याला सर्वांत कमी किती पैशात प्रवेश मिळेल? आज जी माणसे या रस्त्यावर दिवसभर असतात, त्यांपैकी किती जण काम पूर्ण झाल्यावर तेथे असतील? आणि योजनेचा पैसा कोणत्या वेगाने येणार आहे?

यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यास महाविद्यालये सर्वाधिक समर्थ आहेत. आपले विद्यार्थी दरवर्षी बाजारपेठेची सर्वेक्षणे करतात. ग्राहकांच्या समाधानाची टक्केवारी काढतात आणि अहवाल कपाटात जातो. त्याऐवजी एकाच रस्त्याची, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे नोंद ठेवली, कोणत्या पायरीवर कोण बसते, केव्हापासून बसते, कोण उठून गेले आणि त्या जागी काय आले, तर पुनरुज्जीवन म्हणजे काय याचा निवाडा पुराव्याने करता येईल. पदवी नसलेल्या एका बाईने आपल्या खिडकीतून रस्ता पाहिला आणि एका शास्त्राला आपली गृहीतके तपासायला भाग पाडले. आपल्या महाविद्यालयांच्या खिडक्याही बाजाररस्त्यांवरच उघडतात.